सायकलला नवीन काय घेतलंत? (कोल्हापूर आणि आसपास)

रंकाळा फेरी

राम राम मंडळी. पाऊस ओसरला, दिवाळी झाली, कारखान्यांचे बॉयलर पेटले. सायकलवाल्यांचे वर्षातले सर्वांत चांगले महिने सुरू झालेत. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळं अनेकांनी पुढं ढकललेली खरेदी उरकून घेतलेली दिसतेय. रविवारी वाघबीळला चहाला थांबलो तर निम्म्या सायकलींवर काही ना काही नवीन चकाकत होतं, म्हणून हा धागा.

एकच विनंती. खोक्यावर काय छापलंय ते इथं उतरवू नका, ते सगळीकडं वाचायला मिळतं. ती वस्तू आपल्या रस्त्यावर कशी चालते ते सांगा. केर्लीच्या पुढचा चढ, गगनबावडा रोडचा पाऊस, हायवेची कड, उसाच्या ट्रॉल्या, हे कुठल्याच परीक्षणात नसतं.

माझ्यापासून सुरुवात करतो. यंदा सगळा पैसा दिव्यांवर घातला. पुढचा दिवा जर्मन नियमाचा घेतलाय. तिकडं एसटीव्हीझेडओ नावाचा नियम आहे, त्यानुसार सायकलच्या दिव्याचा झोत वरच्या बाजूला कापलेला असावा लागतो. साध्या दिव्याचा झोत गोल पडतो, त्यातला अर्धा समोरच्याच्या डोळ्यात जातो आणि रस्त्यावर उरलेलाच पडतो. कापलेल्या झोताचा सगळा उजेड रस्त्यावर पसरतो, त्यामुळं कमी ल्युमेनमध्येही खड्डा लांबून दिसतो. गगनबावडा रोडला समोरून येणाऱ्याला तुम्ही आंधळं केलंत तर तो नेमका तुमच्याच अंगावर येतो, हे ज्यांनी पहाटे चालवलंय त्यांना माहीत आहे.

आता त्याची उणी बाजू. रेषेच्या वर मिट्ट काळोख असतो. ट्रॉलीतून बाहेर आलेली उसाची कांडकी डोक्याच्या उंचीवर असतात, ती या झोतात येतच नाहीत. म्हणून हेल्मेटवर एक छोटा दिवा वेगळा लावलाय, फक्त ट्रॉलीला ओलांडताना चालू करतो.

मागं दोन दिवे. एक सीट स्टेवर, म्हणजे सीटखालून मागच्या चाकाकडं उतरणाऱ्या नळीवर, स्थिर जळणारा. दुसरा सीटपोस्टवर, लुकलुकणारा. नुसता लुकलुकणारा लक्ष वेधतो, पण मागून येणाऱ्याला अंतराचा अंदाज येत नाही. स्थिर दिव्यानं तो येतो. दोन्ही एकदम बंद पडण्याची शक्यता कमी, हा आणखी एक फायदा.

सांगा, तुम्ही काय घेतलंत?

पेठेतला गडी

नाद खुळा धागा काढलास भावा.

माझी खरेदी टायर. २५ एमएमचे काढून ३२ चे घातले, आत पंक्चर रोखणारा पट्टा असलेले. आपल्या हायवेला काचेपेक्षा आणि बाभळीच्या काट्यापेक्षा तारेचं दुखणं मोठं हाय. ट्रकचं टायर फुटलं की आतल्या पोलादी तारा सुट्या होतात आणि वाऱ्यानं कडेला येऊन पडतात. आपण जातो ती कड हीच. ही तार इतकी बारीक असते की टायरवर बोट फिरवलं तरी कळत नाय. लोक ट्यूब बदलतात, हवा भरतात, आणि उचगावच्या पुलाच्या आत परत चाक बसतं.

उपाय सांगतो. टायर आतून उलटं करायचं आणि कापसाचा बोळा हळूहळू फिरवायचा. जिथं कापसाचा तंतू अडकला, तिथं तार. भुवया कोरायच्या बारीक चिमट्यानं आतल्या बाजूनं ओढायची, बाहेरून ढकलायची नाय. चिमटा आणि कापूस आता पाऊचमध्येच ठेवलाय.

हवा म्हणाल तर माझं वजन ७८ किलो. ३२ च्या टायरला पुढं ५५ आणि मागं ६२ पीएसआय ठेवतो. पूर्वी ९५ भरायचो, शिरोलीपर्यंत जाईस्तोवर मनगटं बधिर व्हायची. आता तावडे हॉटेल ते कागल हात सुन्न होत नाहीत.

खरं घेण्याआधी फ्रेमला आणि ब्रेकला जागा आहे का बघून घ्या. जुन्या रिम ब्रेकवाल्या रोड सायकलीत बऱ्याचदा २८ च्या वर बसत नाही. आणि नुसतं बसून उपयोग नाय, टायर आणि फ्रेमच्या मध्ये ४ एमएम तरी मोकळी पाहिजे. लाल चिखल अडकला की चाक फिरायचं थांबतं.

कळंबा सकाळ

कापसाची युक्ती लिहून घेतली. टीपीयूच्या, म्हणजे रबराऐवजी पातळ प्लॅस्टिकच्या, त्या रंगीत ट्यूबा कोणी वापरतंय का? वजन ४० ग्रॅमच्या आसपास म्हणतात, आपली साधी रबरी ट्यूब १०० च्या पुढं. पन्हाळ्याच्या चढाला फरक जाणवेल का?

घाटमाथा

@कळंबा सकाळ, मी वापरतोय, पण पाऊचमध्ये. दोन ट्यूबा एका मुठीत मावतात, जागा वाचते, हाच खरा फायदा. चढाला जो फरक पडतो तो भरलेल्या दोन बाटल्यांपुढं काहीच नाही.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, साध्या ट्यूबचं सोल्युशन आणि पॅच याला चालत नाही, टीपीयूचा वेगळा पॅच लागतो आणि पृष्ठभाग स्पिरिटनं पुसून घ्यावा लागतो. दुसरी, तुमची सायकल रिम ब्रेकची असेल तर करूळ किंवा भुईबावडा घाट उतरताना रिम चांगलीच तापते. बऱ्याच कंपन्या स्वतःच लिहितात की लांब उतारावर रिम ब्रेकबरोबर ही ट्यूब वापरू नका. ती बारीक अक्षरं वाचा. तिसरी, हल्ली ते खिशातले चार्जिंगचे पंप आलेत. त्यांचं तोंड चालता चालता इतकं तापतं की टीपीयूचा प्लॅस्टिकचा वॉल्व्ह मऊ पडतो. मध्ये छोटी रबरी नळी जोडून हवा भरायची, थेट लावायचा नाही.

माझी स्वतःची नवीन खरेदी डिस्क ब्रेकचे पॅड. रेझिनचे काढून मेटॅलिक घातले. रेझिनचे शांत आणि मऊ लागतात, पण गगनबावड्याच्या पावसात चिखलाचं पाणी रोटरवर, म्हणजे ब्रेकच्या चकतीवर, आलं की झपाट्यानं झिजतात. मेटॅलिक ओल्यात टिकतात, थोडा आवाज करतात. रोटरवर 'फक्त रेझिन पॅडसाठी' असं कोरलेलं नाही ना, हे आधी तपासा, स्वस्त रोटरवर ते असतं. आणि नवीन पॅड लावून थेट घाटात जाऊ नका. सपाटीला २०-२५ च्या वेगावरून हळूहळू दाबत वेग उतरवायचा, पूर्ण थांबायचं नाही, असं वीसेक वेळा. त्यानंतरच ब्रेकला खरी पकड येते.

बावड्याची लेक

इथं बायकांनी फार लिहिलेलं दिसत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी सीट आणि पॅडेड शॉर्ट्स घेतली, आणि आमच्या सकाळच्या ग्रुपमधल्या बहुतेक जणींना याच दोन गोष्टींची गरज आहे. सायकल सुरू केलेल्या कितीतरी बायका महिनाभरात ती सोडतात. कारण विचारलं तर 'जमत नाही' म्हणतात. नीट विचारलं की कळतं, बसायला दुखतं. ते कुणाला सांगायचं हा प्रश्न असतो.

दुकानात पहिला सल्ला मिळतो तो जेलचं जाड कव्हर घालायचा. जाड आणि मऊ म्हणजे आरामाचं, असं वाटतं खरं, पण मऊ सीटमध्ये हाडं रुततात आणि सगळा भार मधल्या नाजूक भागावर येतो. भार बसायच्या दोन हाडांवर यायला हवा. त्यासाठी सीटची रुंदी आपल्या हाडांना जुळायला हवी, आणि ती घरी मोजता येते. खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा लाकडी स्टुलावर ठेवायचा, पातळ कपड्यात त्यावर बसायचं, थोडं पुढं वाकायचं, पाय जरा उचलायचे. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतात. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजायचं आणि त्यात साधारण २० ते ३० एमएम मिळवायचे. माझं अंतर १२८ आलं, मी १५५ ची सीट घेतली. सायकलबरोबर आलेली सीट माझ्यासाठी अरुंद होती, हे तेव्हा कळलं. आता राधानगरी रोडला हळदीपर्यंत जाऊन येते आणि दुसऱ्या दिवशी शाळेत दिवसभर उभी राहून शिकवते.

शॉर्ट्सबद्दल, जे कोणी स्पष्ट सांगत नाही ते सांगते. पॅडेड शॉर्ट्सच्या आत दुसरं काही घालायचं नाही. आतल्या शिवणीच घासतात आणि पॅडचा उपयोग शून्य होतो. घरी आल्या आल्या बदलायची, त्याच दिवशी उलटी करून धुवायची, कपडे मऊ करणारं लिक्विड टाकायचं नाही, सावलीत वाळवायची. वरून मी सैल ट्रॅकपँट घालते, गावातून जाताना मला ते बरं वाटतं. उजव्या पायाला वेल्क्रोची पट्टी लावते म्हणजे चेनमध्ये अडकत नाही.

ज्या मैत्रिणींना हे दुकानात विचारायला अवघड वाटतं, त्यांनी मला इथं निरोप पाठवा. पुठ्ठा घेऊन घरी येते.

दोन चाकी डॉक्टर

ताई, हे फार गरजेचं लिहिलंत. बधिरपणा किंवा जळजळ दोन-तीन दिवसांत गेली नाही तर डॉक्टरांना दाखवा, हे पुरुषांनाही तितकंच लागू. सीटचं नाक एखाद-दुसरा अंश खाली केल्यानंही बराच फरक पडतो.

मी हेल्मेट बदललं. जुनं दिसायला चांगलं होतं, पण एकदा रस्त्यावर आपटलेलं होतं. आतला फोम एकदाच चेपण्यासाठी बनवलेला असतो. एकदा चेपला की त्याचं काम संपलं, वरचं कवच कितीही चकचकीत असो. सेकंडहँड हेल्मेट घेऊ नका, ते कुठं आपटलंय ते तुम्हाला कळणार नाही. नवीन घेताना आत ईएन १०७८ किंवा सीपीएससी हे प्रमाण छापलेलं आहे का बघा. माझ्या नव्यात एमआयपीएसचा थर आहे, डोकं तिरकं आपटलं तर कवच आतल्या थरावर थोडं सरकतं आणि मेंदूला बसणारा पीळ कमी होतो.

बसवण्याचं मात्र बघा. रविवारी मी जितकी हेल्मेटं पाहिली त्यातली निम्मी कपाळ उघडं टाकून मागं सरकलेली होती. भुवईच्या वर दोन बोटं, त्यापेक्षा जास्त कपाळ दिसता कामा नये. कानाखाली पट्ट्यांचा व्ही, हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील इतकाच ढिला पट्टा.

पेठेतला गडी

डॉक्टरसाहेब, आत्ताच आरशात बघून पट्टा आवळला.

उद्यमनगर टर्नर

माझी खरेदी कमी आणि बनवणं जास्त. हँडलबारला बॅग लावली की पुढचा दिवा झाकला जातो, हे दुखणं अनेकांचं आहे. बाहेरून मागवलेला ब्रॅकेट खराब रस्त्यावर थरथरतो आणि दिवा हळूहळू खाली झुकतो. म्हणून लेथवर अॅल्युमिनियमचा बुश काढला, व्यास हँडलबारइतकाच, ३१.८ एमएम, म्हणजे दिव्याचा क्लॅम्प त्यावर तसाच बसतो. त्याला पट्टीचा हात जोडून पुढच्या ब्रेकच्या भोकात फोर्कला बसवला. दिवा आता बॅगेच्या खाली, चाकाच्या वर. खालून प्रकाश पडल्यामुळं खड्ड्याची सावली लांब पडते आणि खड्डा लवकर कळतो. ज्यांच्या फोर्कला वर भोक आहे त्यांनाच हे जमेल, कार्बन फोर्कला भोक पाडायचा विचारसुद्धा करू नका.

कॅरिअरच्या स्क्रूबद्दल एक. बहुतेक फ्रेमला एम५ चे स्क्रू लागतात, आटा ०.८ चा. आलेले काळे स्क्रू एका पावसाळ्यात गंजून फ्रेममध्येच बसतात, मग ड्रिल करून काढावे लागतात. स्टेनलेस स्टीलचे, एसएस ३०४ चे घ्या, लावताना आट्याला थोडं ग्रीस, आणि बाहेरच्या बाजूला नायलॉक नट. शिवाजी उद्यमनगरात कुठल्याही नटबोल्टच्या दुकानात मिळतात, सुट्टे.

स्टेमचे आणि सीटपोस्टचे बोल्ट मात्र हाताच्या अंदाजानं आवळू नका. त्यावर ५ न्यूटन-मीटर किंवा काय असेल तो आकडा छापलेला असतो. छोटा टॉर्क पाना यंदा मी घेतलाय, ज्याला पाहिजे त्यानं दुकानावर येऊन वापरावा, पैसे नाहीत.

मंगळवार पेठ

टर्नरभाऊ, येतोच.

मी चामड्याची सीट घेतली, ब्रूक्सची. ही कंपनी १८६६ पासून आहे आणि चामडं वनस्पतींच्या सालीनं कमावलेलं असतं. आपली कोल्हापुरी पायताणंही बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याची. म्हणून सीट घेऊन चप्पल लाईनला एका ओळखीच्या कारागिरांकडं गेलो. त्यांनी अंगठा दाबून, वाकवून, वास घेऊन बघितली आणि म्हणाले, माल चांगला आहे, पण भिजू देऊ नका, भिजली तर उन्हात वाळवू नका. कंपनीच्या पत्रकात हेच लिहिलंय. त्यांच्याकडूनच सीटखालच्या पिशवीला दोन पट्टे करून घेतले, म्हशीच्या कातड्याचे, दुहेरी शिलाई. नायलॉनचे पट्टे खडबडीत रस्त्यावर सुटून पिशवी मागच्या चाकाला लागायची, हे तसूभर हलत नाहीत.

आपल्या गावात इतकी कसबी माणसं असताना पट्टे परदेशातून कशाला मागवायचे? २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, त्याच हातांना सायकलचं कामही मिळू दे.

घाटमाथा

पावसाळ्यात मात्र ती सीट काढून ठेवा. गगनबावड्याच्या पावसाला प्लॅस्टिकचं कव्हर पुरत नाही, पाणी मागच्या चाकावरून खालून येतं. मडगार्ड पूर्ण लांबीचं पाहिजे.

रात्रपाळी

रात्रीच्या लांब राईड करणाऱ्यांसाठी लिहितो. यंदा ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राईड, करायचं ठरवलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. रात्री पुढचा-मागचा दिवा आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट सक्तीचं.

मी डायनॅमो हब, म्हणजे चाकाच्या मध्यातच वीज तयार करणारा हब, असलेलं पुढचं चाक बांधून घेतलं. ६ व्होल्ट, ३ वॅट. चार्जिंगची काळजी संपली, दिवा चाक फिरलं की जळतो, थांबल्यावरही आतल्या कपॅसिटरमुळं काही मिनिटं मंद जळत राहतो. त्यावरून मोबाईल चार्ज करायचा असेल तर सपाटीला पंधरा-वीसच्या वर वेग लागतो. जोतिबाच्या चढाला काही चार्ज होत नाही. महाग आहे, रोज दहा किलोमीटर फिरणाऱ्यानं घेऊ नये. त्यांनी सुटी बॅटरी बदलता येणारा दिवा घ्यावा. आत बसवलेली बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते आणि मग पूर्ण दिवा टाकावा लागतो.

एक तक्रारही नोंदवतो. ऑनलाइन मागवलेला एक मागचा दिवा, 'पाण्यात चालतो' असं ठळक लिहिलेला, पहिल्याच वळवात बंद पडला. उघडून बघितलं तर चार्जिंगच्या भोकाला रबरी झाकण होतं पण आत रबरी रिंगच नव्हती. पाणी किती सोसतं ते आयपीएक्सच्या आकड्यावरून कळतं. आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे, आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आपल्याकडं निदान ६ बघून घ्या. आकडाच लिहिलेला नसेल तर घेऊच नका.

राधानगरीकर

मी मागच्या रडारवर पैसे घातले, गार्मिनचं व्हेरिया. १४० मीटरपर्यंत मागून येणारी गाडी सायकल कॉम्प्युटरवर ठिपक्यानं दाखवतं आणि बीप देतं. हायवेला फार उपयोगी. पुईखडीच्या चढाला मात्र एक गोष्ट लक्षात आली. रडार वेगातला फरक ओळखतं. उसानं भरलेला ट्रॅक्टर चढाला आपल्याच वेगानं मागं मागं येत असेल तर तो रडारवर दिसेनासा होतो, ठिपका गायब. आपल्याला वाटतं रस्ता मोकळा आहे. मागं दोन ट्रॉल्या असतात. म्हणून रडार असूनही हँडलच्या टोकाला लावायचा गोल आरसा घेतला. दोनशे-तीनशे रुपयांची वस्तू, आणि त्या चढाला सगळ्यांत जास्त भरवसा मी तिच्यावर ठेवतो.

कळंबा सकाळ

पेडलमध्ये अडकणारे बूट घ्यावेत का? चौकात थांबताना पाय निघाला नाही तर, ही भीती आहे.

घाटमाथा

एसपीडीचे (शिमानोची पद्धत) दोन बोल्टवाले घ्या, क्लीट, म्हणजे बुटाच्या तळाला लावायची अडकणारी पट्टी, एसएच ५६. ती कुठल्याही बाजूला जोरानं ओढली तरी सुटते. बरोबर येते ती ५१, ती फक्त टाच बाहेर वळवल्यावर सुटते. स्प्रिंग पूर्ण ढिली करून रंकाळ्याच्या बागेच्या गवतावर सवय करा. तीन बोल्टवाल्यांच्या नादाला लागू नका, त्या बुटांत चहाच्या टपरीपर्यंतही चालता येत नाही.

जुनी हर्क्युलस

नमस्कार. मी तुम्हा सगळ्यांपेक्षा वयानं बराच मोठा असेन. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर सकाळी सायकलवर येतो, धारोष्ण दूध घेतो आणि पुढं पंचगंगा घाटावर. गिअर नाहीत, गरजही पडली नाही. तुमचा धागा नातीनं वाचून दाखवला, म्हणून लिहितो.

माझी खरेदी: २८ बाय दीडचे दोन टायर. हल्ली दुकानात मुलं ७०० चं टायर आणून देतात, ते या रिमला बसत नाही. टायरवर ६३५ हा आकडा असला पाहिजे. ज्यांच्या घरी वडिलांची, आजोबांची सायकल पडून आहे त्यांनी हा आकडा लिहून ठेवावा, सायकल पुन्हा चालू होते.

दुसरं, मागच्या मडगार्डचं टोक पांढरं रंगवलं. पूर्वी सगळ्या सायकलींना असायचं. दिवा नसला तरी मोटारीच्या उजेडात दिसायचं. आणि पेडलला दोन्ही बाजूंनी चमकणारी पट्टी लावली. पेडल वरखाली होतं, ती हालचाल लांबून माणसाच्या लगेच ध्यानात येते की पुढं सायकल आहे. त्या पट्टीला फार पैसे पडत नाहीत.

रंकाळा फेरी

काका, पेडलची पट्टी ही आतापर्यंतची इथली सर्वांत मोलाची खरेदी वाटते. आज संध्याकाळीच लावतो.

ऊसवाला

काकांचं वाचून लिहायला बसलो. मी शेतकरी, भोगावती काठचा. सायकलही चालवतो आणि माझा ऊसही याच रस्त्यानं कारखान्याला जातो. त्यामुळं दोन्ही बाजू बघतो.

मी यंदा स्वतःच्या सायकलला काही घेतलं नाही. चमकणाऱ्या पट्टीचे रोल घेतले, बैलगाड्यांसाठी. ट्रॅक्टरला निदान दिवा असतो. ऊसतोड कामगारांच्या बैलगाडीला मागं काही नसतं. बीडकडून आलेली माणसं पहाटे तीनला फडातून निघतात, गाडीवर वाढ्यांपर्यंत ऊस, खाली बैल. मागून बघाल तर रस्त्यावर एक काळा ढीग चाललाय एवढंच दिसतं, तेही जवळ गेल्यावर. तुम्ही तुमच्या सायकलला कितीही दिवे लावा, पुढं उभी असलेली गाडी तुम्हाला दिसली नाही तर काय उपयोग? आणि मोटारवाला त्या गाडीत घुसला तर माणसं आणि जनावरं दोन्ही जातात.

नियमाप्रमाणं मागं लाल, बाजूला पिवळी, पुढं पांढरी पट्टी. अडचण अशी की लाकडावर ती चिकटत नाही. धूळ, चिकटा, पाचट. दोन दिवसांत सुटते. मागच्या हंगामात घरच्या गाडीला बघितलंय.

उद्यमनगर टर्नर

लाकडावर चिकटवूच नका. पत्र्याच्या पट्ट्या करू, २२ गेजचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा, साधारण वीतभर लांब आणि चार बोटं रुंद. पट्टी पत्र्यावर लावायची, आधी थिनरनं पुसून. कडा मी प्रेसवर दुमडून देतो, म्हणजे बैलाला किंवा हाताला कापणार नाही. मग पत्रा तारेनं साटीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, मागच्या दांडीला बांधायचा. हंगाम संपला की सोडून पुढच्या वर्षी परत. पत्रा माझ्याकडून.

पेठेतला गडी

एक रोल माझ्याकडून. तालमीतली पोरं बांधायला येतील, रविवारी मोकळीच असतात.

बावड्याची लेक

शाळेतली मोठी मुलं पट्ट्या कापून चिकटवायचं काम करतील. पण पत्रा हाताळायला देणार नाही, कडा दुमडून झाल्यावरच द्या. दोन रोल माझ्याकडून.

राधानगरीकर

रस्त्यावर गाड्या थांबवायच्या नाहीत, बैल बुजतात. कारखान्याच्या गाडीतळावर सकाळी काट्यासाठी रांग लागते, तिथं गाड्या तासन् तास उभ्या असतात. तिथंच बांधू. आधी मुकादमाशी बोलावं लागेल.

ऊसवाला

मुकादमाशी आणि कारखान्याच्या शेती खात्यातल्या, तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयशी मी बोलतो, ओळख आहे. गाडीवानाला विचारूनच बांधायची, त्याची गाडी आहे. आणि उसाचा भारा मागं लोंबतो तो पत्र्यावर येता कामा नये, म्हणून दांडीच्या वर नको, खालच्या अंगाला बांधायची. उजव्या टोकाला एक आणि डाव्या टोकाला एक, म्हणजे मागच्याला गाडीची रुंदी कळते.

दोन चाकी डॉक्टर

टिटॅनसचं इंजेक्शन कुणाचं राहिलं असेल तर शनिवारी दवाखान्यात या. पत्रा आणि बाइंडिंग वायर, हात कापणारच. हातमोजे मी आणतो.

रंकाळा फेरी

ठरलं तर. शनिवारी संध्याकाळी टर्नरभाऊंच्या दुकानावर पत्रे तयार करायचे, रविवारी पहाटे सायकलीवरूनच गाडीतळावर. ऊसवाले दादा मुकादमाचं उत्तर इथंच लिहितील. सामान कमी-जास्त असेल तर आत्ताच सांगा.

उद्यमनगर टर्नर

पत्र्याला भोकं किती एमएमची पाडू?

ऊसवाला

६ ची पाडा. तार दुहेरी करून ओवायची आहे. आणि प्रत्येक टोकाला दोन भोकं, एकाच भोकावर पत्रा फिरतो.